खंडस्फुटित

कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील दानलेख वाचू लागले की एक शब्दप्रयोग वारंवार भेटतो : 'खंडस्फुटित-जीर्णोद्धार'. देवालयाला जमीन देताना पूजा, नैवेद्य आणि दीप यांच्या जोडीने मोडल्या-फुटल्या भागांच्या दुरुस्तीचीही तरतूद दाता करीत असे. वास्तू झिजणार हे प्रथमपासूनच गृहीत धरलेले असे, आणि त्या झिजेचा खर्च कोणत्या शेताच्या उत्पन्नातून निघावा हेही ठरे.

नांदेड जिल्ह्यातील देगलूर तालुक्यात होट्टलची मंदिरे आहेत, ती याच काळातली. सिद्धेश्वराचे मंदिर त्यांत प्रमुख. संवर्धनाच्या कामात तेथे आणखी तीन मंदिरांची जोती सापडल्याचे २०२५ च्या आरंभी जाहीर झाले. इ. स. १०७० च्या सुमाराच्या तेथील तीन शिलालेखांत दात्यांचे उल्लेख आहेत. दाते शिळेवर राहिले. छतावर चढून रोपटी उपटणारा माणूस मात्र केव्हाच नाहीसा झाला.

अशा वास्तूंचा घात पुष्कळदा तोफेपेक्षा पिंपळच करतो. पाखराच्या विष्ठेतून बी सांध्यात पडते. पहिल्या वर्षी रोप दोन बोटांनी निघते. पुढे मूळ शिळा सरकविते, फटीतून पाणी उतरते. खालची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि जोतेही हलते. मग कोणीतरी घाईने सिमेंट भरतो. चुन्याच्या दरजांतून ओल बाहेर पडते; सिमेंट ती कोंडून धरते आणि शेजारचा दगड पापुद्र्यांनी सुटू लागतो.

निगा राखणे म्हणजे नुसती भर घालणे नव्हे, हे शेजारच्या लातूर जिल्ह्याने फार मोठी किंमत मोजून पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंतींची, माळवदाची घरे कोसळून हजारो माणसे गाडली गेली. गळती थांबावी म्हणून माळवदावर वर्षानुवर्षे माती चढविली जाई. हेतू राखण्याचाच; पण भार वाढत गेला आणि भिंतीचे आतले व बाहेरचे थर तर एकमेकांत नीट गुंतविलेलेच नसत.

नांदेडचा सचखंड गुरुद्वारा महाराजा रणजितसिंहांच्या काळात, १८३२ ते १८३७ मध्ये बांधला गेला. त्याच्या व्यवस्थेसाठी १९५६ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि तेथे भाविकांचा रोजचा राबता आहे. होट्टलसारख्या ठिकाणी असा राबता नाही. तेथे पावसाळा सरल्यावर शिडी, कोयता, भिजविलेला चुना आणि चुन्याचे काम जाणणारा एखादा गवंडी एवढ्यावर वर्षाचे बरेचसे काम भागू शकते. परंतु जीर्णोद्धारासाठी एकदा मिळालेल्या मोठ्या रकमेतून हा दरसालचा किरकोळ खर्च निघत नाही.