जड रॅकेटचा हिशेब

टेनिसचे नियम वाचायला घेतले की एक गंमत लक्षात येते. रॅकेटची लांबी किती असावी (29 इंचांच्या वर नाही), रुंदी किती, तारांचा भाग केवढा, सगळं लिहून ठेवलंय. वजनाबद्दल मात्र एक अक्षर नाही! हवी तर मुसळासारखी रॅकेट घेऊन कोर्टवर उतरा, पंच काही म्हणणार नाहीत. तुमचा खांदा काय म्हणेल ते तुम्ही आणि खांदा बघून घ्या.

वजन असं मोकळं सोडल्यामुळे ते प्रत्येकाने आपापलं ठरवलं. मोठमोठ्या खेळाडूंनी ते काय ठरवलं आणि का, हे बघताना माझा तरी वेळ फार छान गेला.

लाकडी रॅकेटच्या काळात जड रॅकेट ही काही विशेष गोष्ट नव्हती. लाकूडच ते, वजनाला असायचंच. पण त्या काळातही डॉन बजची रॅकेट भारी म्हणून प्रसिद्ध होती. सुमारे 16 औंस, म्हणजे साडेचारशे ग्रॅम. वर मुठीला चामडंही नाही, नुसतं लाकूड. 1938 साली एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा तो पहिला खेळाडू ठरला, तो असलं धूड हातात घेऊन.

आता, जड रॅकेटने नेमकं होतं काय? चेंडूचं वजन 56 ते 59 ग्रॅमच्या आसपास. तारांना तो टेकतो जेमतेम सेकंदाचा दोनशेवा भाग. तेवढ्या वेळात समोरून आलेला तडाखा कोणीतरी सोसायचा असतो. रॅकेट हलकी असेल तर ती मागे ढकलली जाते, मुठीत वळते आणि उरलेला हिसका कोपराला बसतो. जड रॅकेट जागची हलत नाही. चेंडू मधोमध न लागता थोडा कडेला लागला तरी ती फारशी फिरत नाही. थोडक्यात, जड रॅकेट म्हणजे जास्त जोर असं आपण समजतो, पण तिचा खरा गुण म्हणजे स्थिरपणा.

मात्र याची किंमत आधी मोजावी लागते. जड वस्तू उशिरा हलवायला घेतली तर ती उशिराच पोचते. म्हणजे चेंडू पलीकडून निघतानाच खांदा वळलेला हवा, पाय जागेवर हवेत. शेवटच्या क्षणी मनगटाने सावरून घेऊ, हा हिशेब इथे चालत नाही. म्हणून ही रॅकेट मुरलेल्या खेळाडूची. तो दंडाने मोठा असतो म्हणून नव्हे, तो लवकर तयार होतो म्हणून.

आपल्यापैकी ज्यांनी नव्वदीतल्या जुलैमधल्या रविवार-संध्याकाळी टीव्हीसमोर काढल्या, त्यांच्या डोळ्यांसमोर आता पीट सॅम्प्रास आला असेल. त्याची विल्सन प्रो स्टाफ ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धातली. ग्रॅफाइट आणि केव्हलारची, पातळ कडांची, हेड फक्त 85 चौरस इंच. एडबर्ग आणि कुरियरही तीच वापरत. सॅम्प्रास तिच्या कडांना शिशाची पट्टी चिकटवून वजन 400 ग्रॅमच्या आसपास नेत असे. वर आतड्याच्या तारा, 75 पौंडांच्या आसपास ताणलेल्या. या रॅकेटवर त्याने सात विम्बल्डन जिंकल्या. सर्व्हिस करताना चेंडू आपणच उडवायचा, घाई करायला समोर कोणी नाही. वजनाला हवा तेवढा वेळ मिळतो. नेटपाशी तर झोका घ्यायचाच नसतो, रॅकेट नुसती धरायची, बाकीचं काम वजन करतं.

पण पॅरिसच्या लाल मातीवर चेंडू खांद्याएवढा उसळतो, आणि पलीकडचा माणूस थकत नाही. तिथे प्रत्येक फटका पुन्हा शून्यापासून ओढायचा. सॅम्प्रास तेरा वेळा फ्रेंच ओपन खेळला. 1996 च्या उपांत्य फेरीपलीकडे गेला नाही. मोठ्या हेडची रॅकेट वापरून बघायला हवी होती, असं तो स्वतःच निवृत्तीनंतर बोलला आहे. दुसऱ्या बाजूला, 2002 साली त्याने शेवटची यूएस ओपन जिंकली ती याच छोट्या हेडने, आणि ऐसपैस हेडवाल्या आगासीला हरवून. मग त्याने बदलायला हवं होतं की नको? सांगा बघू!

इथे मला सचिन आठवतो. त्याची बॅट तीन पौंडांच्या वर. थोरल्या भावाची बॅट घेऊन खेळायला लागला तेव्हापासूनची ती सवय. 2004 मध्ये टेनिस एल्बो झाल्यावर हलकी बॅट घे म्हणून त्याला सुचवलं गेलं. त्याने ती हातात घेऊन पाहिली, पण जमेना. त्याचा सगळा बॅटस्विंगच त्या वजनावर उभा होता. वजन काढलं की फटक्याची वेळच चुकणार. बाहेरच्याला जो हट्ट वाटतो, तो आतून असा असतो.

आणि तरीही फेडररने बदल केला. तोही छोट्या हेडच्या जड रॅकेटवर वाढलेला, पुढे बरीच वर्षं 90 चौरस इंचांवर. 2013 मध्ये विम्बल्डनच्या दुसऱ्याच फेरीत स्टाखोव्स्कीकडून हरला. मग 98 चं हेड वापरून बघितलं, तिथेही निकाल धड लागले नाहीत, जुन्याकडे परतला. शेवटी 2014 पासून 97. 2017 साली वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात नदालच्या उसळत्या चेंडूंवर त्याने जो बॅकहँड मारला, तो याच मोठ्या हेडने. पण गंमत बघा, त्याच्या नावाने विकली गेलेली ती रॅकेट तारांशिवाय 340 ग्रॅमची. दुकानातल्या नेहमीच्या 300 ग्रॅमवालीपेक्षा चांगलीच भारी. म्हणजे हेड वाढवलं, वजन काही सोडलं नाही.

आजचे अव्वल खेळाडूही रॅकेटमध्ये वजन भरून घेतातच. बाहेरचा रंग दुकानातल्या रॅकेटचा, आतला ऐवज वेगळा.

सॅम्प्रास चुकला असं मला अजूनही म्हणवत नाही. ज्या वजनाने चौदा मोठी विजेतेपदं दिली, ते पंधराव्यासाठी खाली ठेवायचं म्हणजे चेष्टा नाही. पण फेडररचं मला जास्त कौतुक वाटतं. हातातलं सगळंच टाकायचं नसतं, सगळंच धरूनही ठेवायचं नसतं. नेमकं काय ठेवायचं हे शोधताना त्याने हरणंही पत्करलं, तेही सतरा मोठी विजेतेपदं खिशात असताना. तेवढी तयारी किती जणांची असते?