साताऱ्याचं दप्तर येरवड्याला: गेलं म्हणून रडायचं, की बघायला मागायचं?

"आमचं सगळं पुण्यानं नेलं." साताऱ्यात इतिहासाचा विषय निघाला की पाच मिनिटांत हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून येतंच. वीस वर्षं बातम्या करतोय, हे वाक्य शेकडो वेळा ऐकलंय. पण नेमकं काय नेलं, कधी नेलं, का नेलं, असं विचारलं की बहुतेक जण विषय बदलतात. म्हणून आज जरा लांब लिहितोय. वेळ असेल तेव्हा निवांत वाचा.

गोष्ट सुरू होते रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस या आपल्या माणसापासून. जन्म १८७०, मृत्यू १९२६. 'इतिहाससंग्रह' हे त्यांचं मासिक. झाशीच्या राणीचं चरित्र त्यांनी १८९४ साली लिहिलं, त्या काळात असं पुस्तक लिहायला धाडसच लागायचं. किंकेडसोबत त्यांनी मराठ्यांचा इंग्रजी इतिहास लिहिला. पण त्यांचं खरं वेड होतं जमवण्याचं. कागद, चित्रं, नकाशे, सनदा, जे मिळेल ते.

या सगळ्यात मोठा ऐवज म्हणजे मेणवलीचं दप्तर. मेणवली म्हणजे वाईच्या अलीकडे-पलीकडे म्हणावं इतकं जवळचं गाव. नाना फडणवीसांना इनाम मिळालेलं. तिथला वाडा, कृष्णेचा घाट, आणि वसईच्या मोहिमेतून आलेली ती पोर्तुगीज घंटा आपण सगळ्यांनी पाहिलीय. सिनेमावाल्यांनीही पाहिलीय. पण वाड्यापेक्षा मोलाचे होते वाड्यातले कागद. पेशवाईचा कारभार ज्या माणसाच्या हातातून चालायचा, त्याची पत्रं. कुठल्या दरबारात काय शिजतंय, कुणाचं सैन्य कुठे आहे, कुणाचे पैसे थकलेत, सगळं त्यात. हे दप्तर पारसनिसांच्या हाती आलं.

त्यांच्या संग्रहासाठी १९२५ साली साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभं राहिलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपल्या या गावात संग्रहालय होतं, मंडळी. पुढच्याच वर्षी पारसनीस गेले. आणि १९३९ साली तो संग्रह पुण्याला, येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात हलवला गेला. आजही तो तिथेच आहे, मराठा इतिहासाच्या संग्रहालयात. "पुण्यानं नेलं" या वाक्यामागची एक खरी घटना ही.

आता हे डेक्कन कॉलेज काय आहे ते बघू. कारण गोष्टीचा दुसरा अर्धा भाग तिथे आहे.

१८१८ ला पेशवाई बुडाली. पेशवे दरवर्षी विद्वानांना दक्षिणा वाटायचे. त्या दक्षिणेच्या पैशातला काही भाग वळवून इंग्रजांनी १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली, तीही दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात. त्याच पाठशाळेचं पुढे पूना कॉलेज झालं, मग डेक्कन कॉलेज. येरवड्याची दगडी इमारत हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी इंजिनिअरनं आखली, आणि १८६८ ला कॉलेज तिथे गेलं. इमारतीसाठी सर जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपये दिले होते. उंच टोकदार कमानी, लांब व्हरांडे, गॉथिक घाटाचं बांधकाम. टिळक आणि आगरकर इथेच शिकले, टिळकांची खोली अजून जपलेली आहे. वास्तूकडे नीट पाहिलं तर ती इमारतच एक प्रदर्शन आहे.

पण १९३४ साली खर्च परवडत नाही म्हणून सरकारनं हे कॉलेज बंद करून टाकलं. चक्क कुलूप. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले. पाच वर्षांनी, ऑगस्ट १९३९ मध्ये, कॉलेज पुन्हा उघडलं, पण वेगळ्या रूपात. आता ती संशोधन संस्था झाली. मोजके विषय, मोजके अध्यापक, थोडे विद्यार्थी. पुरातत्त्व, भाषाशास्त्र, संस्कृत कोश, मराठ्यांचा इतिहास. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉमर्स कॉलेजात याहून जास्त गर्दी असते. पारसनिसांचा संग्रह आला तो याच वर्षी, याच छोट्या कॉलेजात.

म्हणजे बघा. पेशव्यांच्या दक्षिणेतून निघालेल्या शाळेत सव्वाशे वर्षांच्या आत पेशव्यांच्या कारभाऱ्याचं दप्तर येऊन पडलं.

येऊन नुसतं पडून राहिलं असतं तर मीही आज "नेलं, नेलं" म्हणून ओरडलो असतो. पण तिथे त्र्यंबक शंकर शेजवलकर होते. मोडी वाचणारा, कुणाची भीड न बाळगणारा इतिहासकार. 'पानिपत १७६१' हे त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४६ साली डेक्कन कॉलेजनंच काढलं. मेणवली दप्तरातली नागपूरकर भोसल्यांसंबंधीची पत्रं निवडून त्यांनी 'नागपूर अफेअर्स' या नावानं छापली. पहिला खंड १९५४, दुसरा १९५९. वाईजवळच्या वाड्यातल्या कागदांवरून नागपूरच्या राज्याचा इतिहास उजेडात आला. हे कागद कुणाच्या माडीवर ट्रंकेत राहिले असते तर वाळवीनं वाचले असते.

संग्रह टिकतो तो कुलपामुळे नाही. कुणीतरी तो रोज उघडतं, त्यावर शिकवतं, भांडतं, छापतं, म्हणून टिकतो. संग्रहालयात वस्तूला रखवालदार मिळतो, कॉलेजात तिला वाचक मिळतो. डेक्कन कॉलेजात वाचक मिळाला, ही साताऱ्याच्या दप्तराची पुण्याई.

त्याच कॉलेजातलं पुरातत्त्वाचं दालन घ्या. ह. धी. सांकलिया यांनी १९३९ नंतर तिथे जो विभाग उभा केला, त्याचं हे फळ. मास्तर आणि पोरं तंबू ठोकून गावोगाव राहिली, खणली, मोजली, आणि जे सापडलं ते कॉलेजात आणून मांडलं. संगमनेर तालुक्यातलं जोर्वे हे साधं खेडं. तिथे १९५०-५१ ला खणलं, आणि आज साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या संस्कृतीला जगभर 'जोर्वे संस्कृती' म्हणतात. मग नेवासे. मग शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं इनामगाव, १९६८ ते १९८३, तब्बल बारा हंगाम.

इनामगावची घरं हा तर घरबांधणीचाच धडा आहे. आधीच्या काळात ऐसपैस चौकोनी घरं, मातीच्या बुटक्या भिंती, आत चुली, धान्याच्या कणग्या. शेवटच्या काळात लहान गोल झोपड्या. घराचा आकार बदलला त्यावरून खणणाऱ्यांनी ताडलं की पाऊस कमी झाला, शेती मोडली, माणसं गरीब झाली आणि गुरांच्या मागे फिरू लागली. राजाचं नाव नाही, लढाई नाही, शिलालेख नाही. नुसत्या जमिनीवरच्या खांबांच्या खड्ड्यांवरून एका गावाची सुमारे नऊशे वर्षांची कहाणी वाचली. दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला ती कुणी समजावून सांगावी लागत नाही.

आता आपल्याकडे या.

वाई, सातारा, कराड, फलटण. गेल्या वीस वर्षांत किती वाडे पडले ते मोजा. मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. वाडा पडतो तेव्हा आधी सागवान विकलं जातं, मग दारं, मग खिडक्यांचे गज. चौकटीवरची नक्षी मुंबईच्या हॉटेलात जाते. कागदाच्या गाठोड्यांना गिऱ्हाईक नसतं. एका पेठेत वाडा उतरवताना मी स्वतः गेलो होतो. माडीवर लाल कापडात बांधलेली बस्तनं होती. घरमालकांना मोडी येत नव्हतं, शेजाऱ्यांना येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत ती रद्दीच्या टेम्पोत गेली. त्यात काय होतं? वाण्याचा हिशेब असेल, सावकारी असेल, कदाचित अजून काही. कुणी वाचलंच नाही, त्यामुळे आता कधीच कळणार नाही.

हे वाईच्या बाबतीत जास्त लागतं. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड १८९८ साली काढला, तो वाईत सापडलेल्या कागदांच्या जोरावर. पानिपतच्या काळातली पत्रं एका गावातल्या घरात निघतात, तर बाकीच्या घरांत काय काय असेल? आणि लहान गावात हे जमत नाही असंही नाही. राजवाड्यांचे कागद धुळ्याच्या मंडळानं सांभाळले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ साली डोंगरावर संग्रहालय बांधलं, त्यात हेन्री मूरचं शिल्प आहे, रविवर्म्याची चित्रं आहेत. लोकवस्ती म्हणाल तर औंध एवढंसं. इच्छा मोठी होती.

उलट उदाहरणही सांगतो. नाना फडणवीसांच्या काळातच, १७९० च्या दशकात, पुण्यात चार्ल्स मॅलेटच्या खटपटीनं जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या हाताखाली चित्रं शिकवण्याची सोय झाली, शनिवारवाड्यात. त्यात गंगाराम तांबट नावाचा आपला कारागीर होता. वेरूळच्या लेण्यांची त्यानं काढलेली चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलादालनात आहेत. तिथे त्यांचा अभ्यास होतो, प्रदर्शनात मांडतात. आपल्या शाळेतल्या किती मुलांनी गंगाराम तांबटाचं नाव ऐकलंय?

तर, "नेलं" म्हणून रडण्याला माझा विरोध नाही, पण ते अपुरं आहे. माझं म्हणणं सरळ आहे. दोन मागण्या आहेत.

पहिली. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. उसनी, ठरावीक मुदतीसाठी, विमा-बंदोबस्त सगळं करून. लोकांनी रांगा लावल्या. मग जी वस्तू सात समुद्रापलीकडून येऊ शकते, तशीच साताऱ्याचीच कागदपत्रं आणि चित्रं येरवड्याहून सव्वाशे किलोमीटरवर महिनाभरासाठी का येऊ शकत नाहीत? कायमची नकोत. तिथे ती नीट आहेत, तिथेच राहू देत. पण नानांच्या दप्तरातली पन्नास पत्रं, शेजारी देवनागरीत वाचन, सोबत मेणवलीच्या वाड्याचा नकाशा, एवढं प्रदर्शन साताऱ्यात किंवा वाईत भरलं पाहिजे. ज्या कृष्णाकाठी ती पत्रं राहिली, तिथल्या पोरांनी ती पाहिली पाहिजेत. खासदार, आमदार, पालकमंत्री, कुणीही हा पत्रव्यवहार करावा. श्रेय त्यांनीच घ्यावं, आमची हरकत नाही.

दुसरी मागणी आपल्याच कॉलेजांकडे. जिल्ह्यातल्या प्रत्येक मोठ्या कॉलेजनं एक खोली द्यावी. एकच. नॅकची समिती येते तेव्हा आपण कुंड्या रंगवतो, त्यापेक्षा ही खोली दाखवा. इतिहासाच्या पोरांनी गावातल्या घरी जाऊन कागदांची यादी करावी, फोटो काढावेत, कागद मालकाकडेच राहू द्यावा. सिव्हिलच्या पोरांनी पडायच्या आधी वाड्याची मापं घ्यावीत: चौक किती, सोपा किती, जिना कुठे, कमान कशी. टेप, वही आणि एक रविवार, एवढाच खर्च. मोडीचे वर्ग ठिकठिकाणी निघतायत, त्यांतली माणसं वाचायला बसवा. वर्षाला एक प्रदर्शन भरवा, गावाला बोलवा. सांकलियांच्या पोरांनी तंबूत राहून जे केलं, त्याच्या शंभरावा भाग केला तरी जोर्व्यासारखं एखादं नाव आपल्या तालुक्यातूनही निघेल.

काही प्राचार्य म्हणतील, अनुदान नाही. बरोबर आहे, नाही. पण डेक्कन कॉलेजचंही १९३४ ला अनुदान संपलं होतं, आणि ते माजी विद्यार्थ्यांनी परत उघडलं. आपल्या कॉलेजांचे माजी विद्यार्थी आज पुण्या-मुंबईत, दुबईत, अमेरिकेत आहेत. स्नेहमेळाव्याच्या जेवणावर होतो तेवढ्या पैशात एका खोलीची कपाटं होतील.

आणि वाचकांना एवढंच. तुमच्या घरी, आजोळी, माडीवर, देवघराच्या मागे जुने कागद असतील, मोडीतले असतील, तर वाडा उतरवायच्या आधी एकदा कुणाला तरी दाखवा. फोटो काढून ठेवा. भावकीत वाद असेल तर फोटोला वाटणी लागत नाही, सगळ्यांना एकेक प्रत मिळते. कुणाकडे जायचं हे कळत नसेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव फक्त लिहा, कागदात काय आहे ते लिहू नका. मोडी वाचणाऱ्या दोन-तीन जणांशी बोलून ठेवलंय, येत्या रविवारपासून आम्ही फिरायला सुरुवात करतोय.