वेदना आणि निद्रा

रोग्याचा डोळा लागला की घरातली माणसे निःश्वास टाकून म्हणतात, 'आता उतार पडला.' या उद्गारात झोप ही बरे होण्याची खूण ठरते. ती बरे होण्याचे कारणही असू शकते, हा विचार मात्र बराच जुना आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात सुखदुःख, बल, इतकेच काय, जीवितही निद्रेच्या अधीन मानले आहे. ग्रीष्म वगळता दिवसा झोपण्यास तेथे निषेध आहे. परंतु त्याला लागूनच अपवादांची यादी येते. क्षत, क्षीण, शूलाने पीडलेले, पडून वा मार लागून जायबंदी झालेले यांनी दिवसाही झोपावे, त्याने धातुसाम्य आणि बल येते, असे चरक सांगतो. दुखणाईतापुढे नियमच माघार घेतो.

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूपासून वेगळ्या केलेल्या वेदनाशामकाला स्वप्नदेवता मॉर्फिअसवरून 'मॉर्फीन' हे नाव मिळाले. नावात निद्रेचा वास असला तरी हे औषध गुंगी देते आणि गाढ झोप कमी करते, हे आज ज्ञात आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने क्रिमियन युद्धानंतर, 1859 साली लिहिलेल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात गोंगाटावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. पहिल्याच झोपेतून जागवलेला रोगी पुन्हा सहजी झोपत नाही आणि वेदना स्वतःच स्वतःला वाढवीत नेते, हे तिचे निरीक्षण. 2019 साली बर्कली येथील संशोधकांनी त्याला मेंदूतील आधार दिला: एका रात्रीच्या जागरणानंतर वेदना नोंदविणारा भाग अधिक चेततो आणि तिला आवर घालण्यास मदत करणारे भाग मंदावतात.

आता हा विचार भिवंडीलगतच्या राहनाळसारख्या गावात नेऊन पाहावा. यंत्रमागाच्या या पट्ट्यात धोट्याची खटखट रात्रीही थांबत नाही, आणि पाळीने काम करणारे कामगार एकाच खोलीत पाळीनेच झोपतात. येथे मागावर हात सापडलेल्या माणसाला गोळी मिळेल, पट्टीही मिळेल. निवांत रात्र कोठून मिळणार? चरकाने दुखणाईताला दिलेली सवलत ज्याच्याजवळ स्वतःचे अंथरूण आहे त्यालाच घेता येते. वेदनेचा इतिहास लिहिताना औषधांबरोबर खोल्यांचाही हिशेब मांडावा लागेल.