जुन्या गाडीचं इंजिन: बिघाडाआधी खर्च करावा का?

धसईहून मुरबाडला किंवा माळशेज घाटात जाणारी १२-१५ वर्षं जुनी गाडी व्यवस्थित चालतेय. मग इंजिनवर आताच खर्च कशाला? सगळ्यावर नकोच. पण जे स्वस्तात बदलता येतं आणि बिघडलं तर इंजिनच बाद करतं, त्यावर नक्की करा.

हे टाळू नका

- ऑइल आणि फिल्टर: गाडी कमी फिरली तरी वर्षातून एकदा बदला.
- कूलंट आणि होज पाइप: कूलंट गळलं तर चढावर इंजिन तापतं, हेड गॅस्केट जातं. काटा वर गेला की गाडी थांबवा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.
- टायमिंग बेल्ट: हा सहसा आवाज न करताच तुटतो. मग अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. बऱ्याच गाड्यांत तो ६० हजार ते १ लाख किलोमीटरला बदलतात. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. सेकंडहँड गाडीत बेल्ट बदलल्याची नोंद नसेल तर बदलून घ्या. बेल्टऐवजी चेन असेल तर खडखड ऐकू आल्यावर तपासा.

इथे थांबता येईल

स्टार्टर, अल्टरनेटर यांचं काम लक्षणं दिसल्यावर करा. ते गेले तर गाडी अडते, इंजिन सहसा वाचतं.

मोठ्या खर्चाआधी

१५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी ५ वर्षांसाठी वाढते. त्यासाठी आरटीओची तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो. पत्राच सडला असेल, तर इंजिनवर मोठा खर्च करू नका.