दिवा, हमी आणि तिऱ्हाईत

फटफटीच्या इंजिनाचे, तिच्या वेगाचे आणि तिच्या डौलाचे वर्णन आपल्याकडे विपुल झाले आहे. परंतु सूर्यास्तानंतर जिच्या भरवशावर ती घाट उतरते त्या पुढच्या दिव्याच्या ज्योतीकडे, आणि ती ज्योत पालटली की विमापत्राच्या व हमीपत्राच्या कलमांत जी सूक्ष्म चलबिचल होते तिच्याकडे, क्वचितच कोणाचे लक्ष गेले आहे. वस्तुतः या एका दिव्याच्या इतिहासात यंत्रविद्या, वाणिज्य आणि न्याय या तिन्हींचे धागे एकत्र आले आहेत, आणि ते उकलून पाहिल्याशिवाय ‘मी माझ्या पैशाने माझ्या गाडीला चांगला दिवा लावला, त्यात विमावाल्याचे काय गेले?’ या रोज विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर सापडत नाही.

आरंभीच्या फटफटींवरचा दिवा विजेचा नव्हताच. खालच्या कप्प्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे, वरच्या कप्प्यात पाणी, आणि ते थेंबाथेंबाने खाली उतरले की निर्माण होणाऱ्या ॲसिटिलीन वायूची पांढरीशुभ्र ज्योत, अशी ती रचना होती. १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या लुई ब्लेरिओने आपल्या उड्डाणांच्या प्रयोगांना लागणारे द्रव्य मोटारींचे असेच ॲसिटिलीनचे दिवे विकून मिळवले होते, हे आज सहसा कोणाच्या स्मरणात नसते. त्या काळी दिवा हा गाडीचा अवयव नसून अलंकार होता; दोन स्क्रू काढले की जुना उतरे, दोन आवळले की नवा चढे, आणि या अदलाबदलीने गाडीच्या उर्वरित देहास कसलाच उपसर्ग पोहोचत नसे.

डायनॅमो आला आणि हे स्वातंत्र्य संपले. १९५५ पासून मद्रासेत बुलेट जुळवली जाऊ लागली तेव्हा तिची वीजयंत्रणा ६ व्होल्टची होती. दिवा, बॅटरी, कटआउट, वायरिंग हे सारे परस्परांशी जखडलेले एक कुटुंब झाले होते, आणि त्यातील एकाच्या भुकेची झळ इतरांना लागणे अपरिहार्य होते. आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या स्कूटरींची तऱ्हा याहून निराळी होती. त्यांचा दिवा इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोवर जळे, म्हणून वळणावर गती मंदावली की तोही मंदावे, आणि जिथे रस्ता दिसण्याची सर्वांत अधिक निकड, नेमका तिथेच काळोख दाटे. रेस द्यावी तेव्हा पुन्हा उजेड पडे. त्याच सुमारास दिव्याच्या काचेचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने माखण्याचा प्रघात आपल्या रस्त्यांवर सर्रास होता. १९६५ आणि १९७१ च्या युद्धकाळातील ब्लॅकआउट ज्यांनी अनुभवला त्यांना त्या काळ्या पट्ट्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पण शांततेच्या काळातही तो पट्टा टिकला, कारण समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत ही जाणीव त्या साध्या रंगकामात होती.

मग हॅलोजन आला. युरोपात १९६२ साली पहिला हॅलोजन दिवा मोटारीवर चढला आणि १९७१ मध्ये एच-४ हा प्रकार निघाला, ज्याच्या एकाच काचेत लांबच्या व जवळच्या झोताच्या दोन तारा असतात, आणि जवळच्या तारेखाली धातूची एक चिमुकली वाटी बसवलेली असते. ती वाटी हेच त्या दिव्याचे मर्म होय. तारेचा खाली जाणारा उजेड ती अडवते, त्यामुळे परावर्तकाचा अर्धाच भाग उजळतो, आणि झोताची वरची कड सुरीने कापावी तशी सरळ येते. आपल्याकडील बहुसंख्य मोटरसायकली ३५ वॅटच्या दिव्यावर समाधान मानीत, आणि पुण्याच्या नाना पेठेत, जिथे दुचाकीच्या सुट्या भागांचा बाजार कित्येक वर्षे नांदतो आहे, ६०/५५ वॅटचा, आणि त्याहून धाडसी गिऱ्हाइकासाठी १००/९० वॅटचा दिवा मागणारांची वाण कधीच नव्हती. इथे थोडे गणित केल्यावाचून पुढे जाता येत नाही. १२ व्होल्टवर ३५ वॅटचा दिवा सुमारे ३ अँपियर प्रवाह ओढतो, तर १०० वॅटचा ८ अँपियरहून अधिक. आणि तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तीच बारीक तार, तेच स्विच, तोच होल्डर यांना पूर्वीच्या आठपट ताप सोसावा लागतो. जाणता वायरमन म्हणूनच रिले बसवी आणि बॅटरीपासून फ्यूजसहित स्वतंत्र जाड तार ओढी. अजाणता नुसता दिवा बदलून पैसे घेई, आणि काही महिन्यांनी हँडलखालून जळक्या रबराचा वास येऊ लागे.

एलईडीच्या आगमनाने हा ताप उतरला, परंतु दुसरे दुखणे उद्भवले. निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच शोधाचे दूरचे अपत्य असलेला पांढराफेक दिवा अल्प विजेवर प्रखर प्रकाश देऊ लागला. मात्र परावर्तकाचा बाक हा तारेच्या एका नेमक्या स्थानासाठी घडवलेला असतो, आणि त्या जागी भलत्या आकाराची एलईडीची पट्टी खुपसली की उजेड रस्त्यावर न पडता झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांवर उधळतो. स्वाराला मात्र वाटते की रस्ता उजळला.

आता विमा. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, पण त्यामागची कल्पना आपल्या पेढ्यांना परकी नव्हती. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारात जोखमी हुंडी चाले, आणि माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे देणे लागत, बुडाला तर ते बुडीत गेले. ज्या इंग्रजी विमाशास्त्राचा वारसा आपल्या मोटारविम्यास मिळाला, त्याचा उगमही समुद्रावरच आहे. इंग्लंडात लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशाने १७६६ मध्ये, सुमात्रा बेटावरील मार्लबरो किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यात, विमा उतरवणाऱ्याने आपल्यापाशी असलेली महत्त्वाची माहिती लपवू नये हे तत्त्व प्रतिपादिले. विशेष असे की त्या खटल्यात विमेकऱ्याचीच हार झाली, कारण जे त्याने स्वतःच जाणून घ्यावयास हवे होते ते न सांगितल्याचा दोष समोरच्यावर ठेवता येत नाही, असेही त्याच निकालाने सांगितले. हा दुसरा अर्धा भाग पुढे बहुधा विसरला गेला.

त्याच न्यायाधीशापुढे १७८६ साली ‘जुनो’ या जहाजाचा खटला आला, आणि हेडलाइटचा विषय समजून घेण्यास त्याहून बोधक कथा मला ठाऊक नाही. विमापत्राच्या समासात लिहिले होते की जहाज लिव्हरपूलहून ५० किंवा अधिक खलाशी घेऊन निघाले. प्रत्यक्षात निघताना ४६ होते. काही तासांतच वेल्सच्या किनाऱ्यावरील बोमॅरिस येथे आणखी ६ चढले आणि संख्या ५२ झाली. पुढे कितीतरी महिन्यांनी जहाज शत्रूच्या हाती गेले, आणि या घटनेशी त्या पहिल्या काही तासांचा सुतराम संबंध नव्हता. तरीही न्यायालयाने ठरवले की विमापत्रात दिलेली हमी अक्षरशः पाळली पाहिजे. ती मोडली की विमेकरी मोकळा, मग मोडण्याने नुकसान झाले असो वा नसो. कारखानदाराने गिऱ्हाइकास दिलेल्या वचनाला आपण हमी म्हणतो. विम्याच्या भाषेत मात्र हमी ही गिऱ्हाइकानेच विमेकऱ्यास दिलेली असते. फटफटीचा दिवा बदलणारा इसम या दोन्ही हमींच्या मधोमध उभा असतो.

मोटारीच्या रस्त्यावर मात्र जहाजाचा न्याय जसाच्या तसा चालेना, कारण तिथे विमेकरी आणि मालक यांखेरीज एक तिसरा माणूस आला होता. इंग्लंडात १९३० च्या कायद्याने आणि आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने, ज्याचे विम्याविषयीचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अंमलात आले, या माणसासाठी विमा सक्तीचा केला. इंग्रजीत त्यास ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. आपल्या भाषेतला ‘तिऱ्हाईत’ हा शब्द मला त्याहून अधिक अर्थवाही वाटतो, कारण त्यात व्यवहाराशी देणेघेणे नसलेला आणि तरीही त्यात सापडलेला माणूस दिसतो. १९३९ च्या या कायद्याच्या ९६ व्या कलमाने विमेकऱ्याला तिऱ्हाइताविरुद्ध कोणत्या हरकती घेता येतील त्या मोजून दिल्या, आणि कॅप्टन इतबार सिंग यांच्या खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्या यादीबाहेरची हरकत त्याला घेता येणार नाही. यादीत वाहन भाड्याने चालवणे होते, परवाना नसणे होते, महत्त्वाची माहिती दडवून विमापत्र मिळवणेही होते. पण दिवा बदलणे असे कोठेही नव्हते. म्हणून नव्या दिव्याच्या गाडीने कोणा पादचाऱ्यास इजा केली तर केवळ त्या दिव्यामुळे त्या पादचाऱ्याची भरपाई बुडत नाही, ही गोष्ट निःशंकपणे सांगता येते.

खरी अडचण मालकाच्या स्वतःच्या नुकसानीच्या बाबतीत येते. १९७३ च्या आरंभी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, चार सरकारी कंपन्या उरल्या, आणि सर्वांचे दरपत्रक एकच असल्यामुळे विमापत्राची भाषाही देशभर एकच राहिली. तिच्यात दोन वाक्ये महत्त्वाची होती व आहेत: गाडी सुस्थितीत राखण्यासाठी मालकाने वाजवी काळजी घ्यावी, आणि यांत्रिक वा विद्युत बिघाड हा भरपाईस पात्र नाही. जळालेले वायरिंग या दुसऱ्या वाक्याच्या कक्षेत ढकलले जाते. गाडीस आग लागली तर ती विम्याच्या छत्राखाली येते, पण तपासनीस तिचे मूळ शोधतो आणि वाढीव दिव्याची जोडलेली तार हाती लागली की पहिल्या वाक्याकडे बोट दाखवतो. २००२ च्या दरपत्रकाने यावर एक सरळ मार्गही ठेवला होता: कारखान्याच्या किमतीत समाविष्ट नसलेल्या विद्युत उपकरणांची किंमत कळवावी आणि तिच्यावर ४ टक्के जादा हप्ता भरावा. दोन हजारांच्या दिव्यास हे ८० रुपये झाले. २००७ पासून स्वतःच्या नुकसानीचे दर मोकळे झाले, तरी लेखी कळवण्याची ही वाट बुजलेली नाही. आणि मालकाने ती चोखाळली तर मॅन्सफील्डच्या त्या विसरलेल्या अर्ध्या तत्त्वाचाही लाभ त्यास मिळतो, कारण ठाऊक असलेली गोष्ट लपवली असे मग कोण म्हणणार? याच विमापत्रात काचेच्या भागांवर घसारा नाही आणि प्लास्टिकच्या भागांवर तो ५० टक्के आहे. त्यामुळे जुन्या बुलेटची जाड काच फुटली तर तिची भरपाई पुरी मिळते, आणि आजच्या गाडीचा प्लास्टिकचा दिवा फुटला तर निम्मी.

कारखानदाराच्या हमीविषयी थोडक्यातच सांगितले तरी पुरे. १९३० च्या मालविक्री कायद्याने हमीला करारातील दुय्यम वचन मानले, आणि तिच्या अटी ठरवण्याची मोकळीक कारखानदाराकडेच राहिली. म्हणून वायर कापली, जोडली वा परके उपकरण बसवले की विद्युत भागांची हमी रद्द, असे वाक्य बहुतेक हमीपुस्तिकांत आढळते. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने हमी टिकवण्यासाठी विशिष्ट छापाचेच सुटे भाग वापरण्याची सक्ती निषिद्ध केली, आणि त्यामुळे परका भाग बसवल्याच्या निव्वळ सबबीवर तेथे हमी नाकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवावे लागते. आपल्याकडे इतके स्पष्ट कलम नाही आणि ते असावयास हवे, असे माझे मत आहे, कारण दिव्याच्या तारेपायी इंजिनाची हमी नाकारणे हा ‘जुनो’चाच न्याय झाला.

न्यायालयांनी मात्र हळूहळू कार्यकारणाचा प्रश्न पुढे आणला. २००४ मध्ये स्वरण सिंग प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने विमेकऱ्यावर भार टाकला की अटीचा भंग नुसता दाखवून भागणार नाही, तो भंग अपघातास कारणीभूत होण्याइतका मूलगामी होता हेही सिद्ध केले पाहिजे. आणि २००८ मध्ये, नितीन खंडेलवाल यांच्या चोरीस गेलेल्या मोटारीच्या खटल्यात, चोरीशी संबंध नसलेल्या अटीच्या भंगापायी सारी भरपाई नाकारणे अमान्य करून ७५ टक्के रक्कम देवविली. हे दोन्ही निकाल दिव्याचे नव्हेत, पण दिव्याच्या तंट्यात वकील त्यांचाच आधार घेतात. खुद्द इंग्लंडातही २०१५ च्या विमा कायद्याने ‘जुनो’चा कठोर नियम शिथिल केला, त्यास २२९ वर्षे लागली.

याच्या उलट दिशेने सरकारदफ्तर कठोर होत गेले. १९३९ च्या कायद्यात गाडीतील फेरफार नोंदणी अधिकाऱ्यास कळवण्याचीच जबाबदारी होती. १९८८ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमात २००० साली दुरुस्ती होऊन, नोंदणीच्या दाखल्यातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफारच वर्ज्य ठरला, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अननुज्ञात फेरफारास प्रत्येकी ५,००० रुपयांचा दंड, सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. दाखल्यात इंजिनाचा क्रमांक असतो, सांगाड्याचा असतो, रंगही असतो. दिव्याचा उल्लेख नसतो, आणि याच फटीत बहुतेक दिवेबदलूंनी आजवर आश्रय घेतला. परंतु दिवा दाखल्यात नसला तरी नियमांत आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही पेटता राहतो, त्याचे बटनच काढून टाकले गेले. आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांतील १०६ वा नियम तर एका विशिष्ट डोळ्याचे वर्णन करतो. हा डोळा गाडीच्या दिव्यापासून ८ मीटर पुढे, उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूस आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर आहे, आणि खाली वळवलेल्या झोताने तो दिपता कामा नये. दीड मीटर म्हणजे समोरून सायकलीवर येणाऱ्या माणसाच्या, किंवा शिवारातून परतून रस्त्याच्या कडेने चाललेल्या एखाद्या बाईच्या डोळ्यांची उंची. ज्या तिऱ्हाइतासाठी १९४६ मध्ये विमा सक्तीचा झाला, त्याचेच हे मोजमाप आहे.