पाचवी सीट: शर्मनचा फायरफ्लाय कसा झाला

आजचा भाग जरा धातूचा आहे. हेडफोन लावले असतील तर मागून लेथचा आवाज ऐकू येईल, तो मुद्दाम ठेवलाय. हा एपिसोड अर्धा माझ्या लॅपटॉपवर आणि अर्धा भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये तयार झाला.

गोष्ट सुरू होते नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. तिथलं रणगाडा संग्रहालय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. मी मोठेपणी परत गेलो आणि वेड लागलं. शेवटी रूममेटबरोबर पैसे काढून एक सेकंड-हँड किट घेतलं. अमेरिकन शर्मन रणगाडा, १/६ स्केल, प्लास्टिकचा नाही, धातूचा. ॲल्युमिनियमच्या प्लेटी, स्टीलचे बोल्ट, पट्ट्याची एकेक कडी वेगळी. जोडून झाला की लांबी साधारण एक मीटर.

१/६ ऐकायला छोटं वाटतं. पण लांबी, रुंदी, उंची तिन्ही सहापट कमी, म्हणजे वजन २१६ पट कमी. खरा रणगाडा ३० टनांच्या वर. पूर्ण स्टीलमध्ये केला असता तर मॉडेलचं वजन दीडशे किलोच्या आसपास गेलं असतं आणि आमच्या घरमालकांनी आम्हालाच बाहेर काढलं असतं. म्हणून ॲल्युमिनियम, आणि म्हणून वर्कशॉप. वर्कशॉप माझ्या कॉलेजमधल्या मित्राच्या वडिलांचं. आम्ही त्यांना काकाच म्हणतो.

किट होतं साध्या शर्मनचं, ७५ मिलिमीटर तोफेचं. मला हवा होता फायरफ्लाय. फायरफ्लाय म्हणजे काजवा, पण इथे म्हणजे ब्रिटिशांनी मोठी तोफ बसवलेला शर्मन. मला वाटलं, काय, तोफ बदलायची! दोन वीकेंडचं काम. आठ महिने लागले. आणि त्या आठ महिन्यांत जे कळलं तोच आजचा विषय आहे.

आधी थोडा मागचा इतिहास. १९४३ साल. ब्रिटिशांकडे १७-पाउंडर नावाची जबरदस्त रणगाडाविरोधी तोफ होती. जर्मन टायगरचं समोरचं चिलखत १०० मिलिमीटर जाड. शर्मनची ७५ मिलिमीटर तोफ समोरून त्याच्यापुढे जवळजवळ हतबल, पण १७-पाउंडर ते भेदायची. अडचण अशी की ती चाकांवर ओढत न्यायची तोफ होती. ती रणगाड्यात बसवायची कशी? सरकारी खात्याची भिस्त चॅलेंजर नावाच्या नव्या रणगाड्यावर होती आणि तो रखडत होता. शर्मनमध्ये ही तोफ मावणारच नाही, असं अधिकृत मत होतं.

दोन मेजरना ते पटलं नाही. एक जॉर्ज ब्रायटी, दुसरा जॉर्ज विदरिज. विदरिज उत्तर आफ्रिकेत लढून आलेला, त्यामुळे जर्मन रणगाड्यांसमोर काय होतं ते त्याने स्वतः पाहिलेलं. ब्रायटी लुलवर्थच्या प्रशिक्षण केंद्रात आपल्या परीने प्रयोग करत होता. तोफ डागल्यावर मागे सरकते, त्याला रिकॉईल म्हणतात. तेवढी जागाच नाही म्हटल्यावर ब्रायटीने काय केलं, तर तोफ सरळ घट्ट बांधून टाकली. धक्का सगळ्या रणगाड्याने सोसायचा. आपल्या भाषेत, पक्का जुगाड. वरून काम बंद करायचा आदेश आला. विदरिजने मग चिलखती दलाचे प्रमुख रेमंड ब्रिग्ज यांना गाठलं, विषय पुढे पुरवठा खात्यापर्यंत गेला आणि बंद पडलेलं काम अधिकृत झालं.

जुगाडाचं इंजिनीअरिंग केलं ते किलबर्न नावाच्या विकर्सच्या इंजिनीअरने. आता माझ्या वर्कबेंचवर या.

७५ मिलिमीटर तोफेचं भोक ७५ मिलिमीटर. १७-पाउंडरचं ७६.२. माझ्या स्केलमध्ये १२.५ आणि १२.७. फरक फक्त ०.२ मिलिमीटर! मग एवढा गाजावाजा कशाचा? उत्तर भोकात नाही, काडतुसात आहे. शर्मनच्या ७५ च्या गोळ्याचं पितळी काडतूस ३५० मिलिमीटर लांब. १७-पाउंडरचं ५८३. मी दोन्ही पितळेत करून शेजारी ठेवली, एक जेमतेम सहा सेंटिमीटर, दुसरं जवळपास दहा. गोळा साधारण तेवढ्याच व्यासाचा, पण मागे दारू कितीतरी जास्त. ती दारू जळायला लांब नळी हवी, म्हणून बॅरल ३ मीटरचं ४.२ मीटर झालं. धक्का वाढला, म्हणून रिकॉईलची यंत्रणा मोठी. गोळा लांब, म्हणून तो भरायला मागे जागा जास्त. आणि हे सगळं बसवायचं त्याच जुन्या टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या भागात, ज्याच्या खालची रिंग १.७५ मीटरची. माझ्याकडे ती २९ सेंटिमीटर, स्टीलच्या ताटाएवढी. त्या ताटात तोफेचा मागचा भाग आणि तीन माणसं.

किलबर्नने रिकॉईलचे सिलिंडर आखूड करून तोफेच्या दोन्ही बाजूंना घातले. ब्रीच, म्हणजे मागचं दार, ९० अंशात फिरवलं, कारण लोडर डावीकडे बसतो आणि एवढा लांब गोळा त्याला बाजूनेच सरकवता येणार होता. रेडिओ टरेटच्या मागच्या भिंतीला लागून असायचा, तिथे आता तोफ मागे येणार. मग भिंतीला भोक पाडलं, बाहेर चिलखती पेटी वेल्ड केली, रेडिओ पेटीत. मी तेच केलं. फरक एवढाच की मी आधी पेटी बसवली आणि भोक नंतर आठवलं.

माझी खरी फजिती झाली बॅरलवर. सत्तर सेंटिमीटरचं, पुढे निमुळतं होत जाणारं बॅरल लेथवर काढायचं होतं. पहिल्यांदा ते थरथरलं आणि अंगावर लाटा उमटल्या. काका म्हणाले, "अरे, एवढी लांब काठी दोन टोकांना धरून कापायला गेलास तर ती नाचणारच. मध्ये स्टेडी लाव." स्टेडी म्हणजे मधला आधार. लावली, सुंदर बॅरल निघालं. टरेटमध्ये बसवलं, फायरफ्लायच्या फोटोशेजारी धरलं आणि जाणवलं की चुकलंय. फोटोतलं बॅरल मुळाशी बराच वेळ सरळ, एकसारखं जाड आहे आणि मग निमुळतं होतं. माझं लवकर निमुळतं झालेलं.

रात्री दोनपर्यंत शोधलं तेव्हा चूक सापडली, आणि ती माझीच. मी ड्रॉइंग वापरलं होतं ओढायच्या १७-पाउंडरचं. किलबर्नला जागेअभावी तोफेचा पाळणा, म्हणजे तिला धरून ठेवणारा भाग, आखूड करावा लागला होता. पकड आखूड झाली की तोफ डळमळणार. म्हणून शर्मनसाठी मुळाशी जास्त लांब सरळ भाग असलेलं वेगळं बॅरलच बनवलं गेलं. दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं तर ते हसले. "म्हणजे त्यांचीपण काठी नाचत होती!"

मंडळी, पुस्तकात मी "तोफ बदलण्यात आली" हे वाक्य कितीतरी वेळा वाचलं होतं. धातू वाया गेल्यावर कळलं की त्या तीन शब्दांत किती लोकांची किती रात्रीची कामं आहेत.

आता ज्या गोष्टीमुळे हा एपिसोड करावासा वाटला, ती.

साध्या शर्मनमध्ये पाच माणसं. टरेटमध्ये कमांडर, गनर, लोडर. खाली पुढे डावीकडे ड्रायव्हर आणि उजवीकडे त्याचा जोडीदार, ज्याच्यासमोर एक मशीनगन असायची. १७-पाउंडरचे लांब गोळे ठेवायला जागा पुरेना, तेव्हा हा पाचवा माणूस काढला. त्याच्या जागी गोळ्यांचा रॅक आला आणि मशीनगनचं भोक धातूने बंद केलं गेलं.

माझ्या किटला ते भोक होतं. काकांनी आर्गन वेल्डिंगने ते बुजवलं, ग्राइंडरने साफ केलं, अंगठा फिरवून पाहिला आणि विचारलं, "मग इथला माणूस कुठे गेला?"

मी म्हटलं, दुसऱ्या रणगाड्यात गेला असेल. ते म्हणाले, "तो गेला. त्याचं काम कुठे गेलं?"

मी गप्प. खरंच की. पट्टा ताणायचा, तेल-पाणी बघायचं, रात्री पहारा द्यायचा, चहा करायचा, सगळं आता चौघांत. आमच्या ऑफिसमध्ये टीममधून एक जण कमी होतो तेव्हा शीटवर फक्त एक ओळ जाते. काम उरलेल्यांच्या अंगावर पडतं. इथे ते लढाईत पडत होतं.

आणि एक बदल उलटा, माणसासाठी केलेला. या टरेटला छतात एकच हॅच असायचं, कमांडरच्या डोक्यावर. नव्या तोफेचा मागचा भाग इतका मोठा की आग लागली तर डावीकडचा लोडर तो ओलांडून वेळेत बाहेर पडणं मुश्कील. म्हणून छत कापून त्याच्यासाठी वेगळं चौकोनी हॅच केलं. मॉडेलवर ते कापताना माझी दोन ब्लेड तुटली. पण तो चौकोन मी सगळ्यात जास्त काळजीने केलाय.

३१ मे १९४४ पर्यंत असे ३४२ फायरफ्लाय मॉन्टगोमेरीच्या सैन्याला मिळाले होते. सहा दिवसांनी नॉर्मंडीचं आक्रमण. पुरेसे नव्हते, म्हणून चार रणगाड्यांच्या तुकडीत साधारण एक फायरफ्लाय, बाकी तीन ७५ वाले. त्याला दुसरंही कारण होतं. पायदळ आणि मोर्च्यांवर टाकायचा स्फोटक गोळा ७५ चाच चांगला होता. पण त्यामुळे चौघांत एक लांब बॅरलवाला उठून दिसायचा, आणि जर्मन आधी त्यालाच टिपायला बघायचे. मग क्रूने बॅरलच्या पुढच्या भागाच्या खालच्या बाजूला फिकट रंगाचे नागमोडी पट्टे मारले, म्हणजे लांबून बॅरल आखूड वाटावं. ज्या तोफेसाठी एवढा खटाटोप केला, तिचीच लांबी लपवायची. माझ्या मॉडेलला शेवटचा रंग तोच दिला.

८ ऑगस्ट १९४४ ला फ्रान्समधल्या सेंत-एन्यां गावाजवळ नॉर्थॅम्प्टनशर योमनरीच्या एका फायरफ्लायमध्ये जो एकिन्स नावाचा गनर होता. वय २१. त्या दुपारी त्याच्या नावावर तीन टायगर लागले. त्याच लढाईत मायकल विटमान हा जर्मनांचा सगळ्यात गाजलेला रणगाडा कमांडर मेला. त्याचा टायगर नक्की कोणी उडवला, यावर आजही वाद आहे. पण मला एकिन्सचं पुढचं आयुष्य जास्त लक्षात राहिलं. त्या दिवसानंतर त्याला रेडिओवर बसवलं. युद्धात त्याने पुन्हा रणगाड्याची तोफ चालवली नाही. घरी जाऊन तो परत बुटांच्या कारखान्यात कामाला लागला.

आपल्याकडचा धागाही सांगतो. युद्धानंतरही भारतीय सैन्यात शर्मन होते. त्यातल्या काहींना फ्रेंच बनावटीच्या एएमएक्स-१३ ची लांब ७५ मिलिमीटर तोफ बसवली गेली. भोक तेवढंच, तोफ जास्त ताकदीची, तोच हिशोब. १९६५ च्या युद्धात असल उत्तरला पाकिस्तानच्या नव्याकोऱ्या पॅटनसमोर आपल्या बाजूने सेंच्युरियन आणि एएमएक्स-१३ बरोबर डेक्कन हॉर्सचे जुने शर्मनही उभे होते. जुन्या गाडीत नवी तोफ घालणारे लोक सगळ्या देशांत सापडतात, कारण नवी गाडी वेळेवर येत नाही.

माझा फायरफ्लाय आता वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभा आहे, घरात मावत नाही. बघायला येणारे तोफेला हात लावतात. काका मात्र त्यांना वाकायला लावतात आणि पुढच्या पत्र्यावरचा तो बुजवलेला गोल दाखवतात. वेल्ड इतका साफ आहे की बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. "इथे एक जण बसायचा," एवढंच म्हणतात आणि परत लेथवर जातात.

आजच्यापुरतं एवढंच. नगरला गेलात तर कोणत्याही रणगाड्यासमोर उभे राहून आधी हॅच मोजा. आत किती माणसं होती आणि बाहेर पडायला किती दारं होती, त्यावरून बरंच कळतं. भेटू पुढच्या भागात!