पावणेदहाची भरती

टूर मॅनेजरच्या छापील कागदावर सकाळी दहा वाजता कुलाबा किल्ला आहे. ड्रायव्हर थळचा. तो कागदाकडे बघतही नाही. "आज तेरस. तिथीची पाऊणपट करा. पावणेदहा. तेव्हा पूर्ण भरती, पाणी छातीच्या वर. किल्ला चारला." मॅनेजर निमूटपणे पेन काढतो आणि तुमची सत्तावीस सीटची बस अलिबाग स्टँडवरून उलट्या कार्यक्रमाला निघते.

मागच्या सीटवरच्या काकू नुकत्याच फ्रान्स करून आल्यात. चिवड्याच्या डब्याबरोबर त्यांचा फ्रान्सही बसभर फिरतो.

अक्षीला रस्त्याकडेला एक शिळा आहे. वर चंद्र-सूर्य, खाली अक्षरं. मंडळी फोटो काढून परत फिरतात. तुम्ही मागे रेंगाळून एका खाचेवर बोट टेकवता. दगड कोमट लागतो. मग टक्, टक्. दगडाची कपची तुमच्या पायावर पडते. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असं अभ्यासक या लेखाचं वाचन करतात, वादही घालतात. समोरच्या पाथरवटाला वादाशी देणंघेणं नाही. उत्तर कोकणावर शिलाहारांचं राज्य आहे आणि त्याला उन्हाच्या आत ओळ संपवायची आहे. छिन्नीच्या ठेक्यावर तो काहीतरी पुटपुटतो. अर्थ लागत नाही, पण कान टवकारतात. दूरच्या आत्याच्या घरातलं बोलणं भिंतीआडून ऐकावं तसं. हॉर्न वाजतो.

नागावच्या माड-पोफळींतून बस चौलला येते. आता जिथे वाड्या आणि रहाटाचे अवशेष, तिथे एके काळी जगाचं बंदर होतं. इथे उतरताना जपा. पायरी १४६९ सालात उतरते. समोर रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी उभा आहे, अफनासी निकितिन. हुरमुझहून विकायला आणलेला घोडा सोबत आहे. उघड्या डोक्यांची, केसांची एकच वेणी घातलेली, जेमतेम वस्त्रातली माणसं बघून तो चकित झालाय. ही माणसंही त्याच्यामागे चालतायत: गोरा माणूस बघायला! तो जाईल तिथे घोळका. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. तुमच्या जीन्सकडे एक पोर टक लावून बघतं, तेव्हा कळतं की स्थलदर्शनात आज तुमचाही नंबर आहे. घोड्याचं पुढे काय झालं, हे निकितिनला सांगावंसं वाटतं. जुन्नरचा खान तो काढून घेणार आहे. पण तुम्ही गप्प बसता. सहल त्याचीही पहिलीच.

रेवदंड्याला पोर्तुगीज कोटात गाइडची टेप सुरू होते: १५२१ला किल्ल्याची पायाभरणी, १७४०ला मराठ्यांच्या ताब्यात, हा सातखणी मनोरा, फोटो घ्या, चला. खरी गंमत तो सांगतच नाही. १७७७ साली सें-ल्युबँ नावाचा एक फ्रेंच चौलला उतरून पुण्याला नाना फडणीसांकडे गेला आणि मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला. काकूंना हे सांगितल्यावर त्या पहिल्यांदाच म्हणतात, "म्हणजे तेही इथं आले होते?"

चार वाजता अलिबागच्या किनाऱ्यावर पाणी मागे सरलेलं असतं. चपला हातात, पाय थंड, लाटांनी वळ्या पाडलेली ओली वाळू टाचांना टोचते. काकू सांगतात, फ्रान्समध्ये सें-मालोला अगदी असाच किल्ला आहे, ओहोटीला चालत जायचा. खरं आहे. तो १६८९चा, आपला शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं १६८०त सुरू झालेला. सें-मालोत इंग्रजांची जहाजं लुटणाऱ्या सुरकूफचा पुतळा आहे. आपल्या कान्होजी आंग्र्यांना मात्र इंग्रज चाचा म्हणत राहिले आणि शाळेत आपणही बरीच वर्षं ते निमूट वाचलं.

तटाला हात लावा. दगडावर दगड, मध्ये चुना नाही. लाट आपटते, फटींत शिरते, तिथेच तिचा दम जातो. दरवाजातून आत गेलात की डिसेंबर १७२१. गणपतीचं देऊळ दिसत नाही; ते राघोजी आंग्रे १७५९त बांधतील. दारूचा वास, सुकटीचा वास. इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजींच्या कुलाब्यावर चालून आलेत. मदतीला बाजीराव पेशवा घोडदळ घेऊन पोचलाय. इंग्रजांच्या कमोडोर मॅथ्यूजच्या मांडीत एका स्वारानं भाला घातल्याची बातमी तटावरून तटावर पळतेय. लवकरच पोर्तुगीज वेगळा तह करतील आणि इंग्रज एकटे पडतील. बुरुजावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला यातलं काही विचारलंत तर तो बोलत नाही. तो खाली खडकावरच्या शेवाळाची रेघ बघतोय. ती बुडाली की बाहेरचा रस्ता बंद.

"पानी भरलं! निघा!"

तुम्ही दरवाजाकडे धावता. पाणी घोट्यावर, मग पोटरीवर. पुढे काकू साडी खोचून झपझप चालल्यात. मॅनेजर सत्तावीस डोकी मोजतोय आणि त्याचा हिशेब दर वेळी अठ्ठावीसवर येतोय. "पानी भरलं!" पुन्हा हाक येते. घोडागाडीवाल्याची की बुरुजावरची, मागे वळून बघायला वेळ नाही. पाणी गुडघ्याला लागलंय.